बिनशेपटीचे पाकट आणि खडेवाला उंदीर

टिपणने पाकटाचे, म्हणजे लांब शेपटीच्या चपट्या माशाचे, चित्र उंदराच्या खणातून तिसऱ्यांदा बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले.

“चुकीचा खण,” तो म्हणाला.

“का पण?” कस्तुरीने चित्र पुन्हा उचलले. “बघ ना. पाकटाला शेपूट आहे, उंदराला शेपूट आहे. पाकटाच्या शेपटीवर काटा आहे, आपल्या सड्यावरच्या उंदराच्या पाठीवर काटे आहेत. आणि पाकट मासा असूनही अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतं. उंदीरही तेच करतो. तीन गोष्टी जुळल्या. आणखी काय हवं तुला?”

“जुळण्याचं कारण,” टिपण म्हणाला.

टिपण यंत्रमानव होता, पण माणसासारखा अजिबात दिसत नसे. त्याला सहा पाय होते, पाठ ताटाएवढी चपटी होती आणि पुढे दोन चिमटे होते. गेली आठ वर्षे तो सोनवेळच्या बंदरावर रोज पहाटे हजर राही. उतरवलेला प्रत्येक मासा मोजणे, मापणे आणि त्याच्या अंगाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कुपीत जपून ठेवणे हे त्याचे काम. कोळणी त्याला ‘लोखंडी कुर्ली’ म्हणत. कुर्ली म्हणजे खेकडा. त्याला घडवले होते कस्तुरीच्या आईने. डॉ. केतकी सागरी जीवांचा अभ्यास करायच्या आणि बंदरावरच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात त्यांचे नोंदकेंद्र होते. तिथेच आता कस्तुरी खणांशी झटापट करत बसली होती.

कारणही तसेच होते. सोनवेळमध्ये दर पाच वर्षांनी एक जागा ‘राखण’ म्हणून निवडली जाई. त्या जागेला पाच वर्षे, गरज असेल त्या महिन्यांत, कुणी धक्का लावायचा नाही. यंदा दोन जागांची नावे होती. एक म्हणजे गावामागचा सडा, कातळाचे उंच पठार. तिथे काटेरी उंदीर राहत. दुसरी खाडीचे मुख, जिथे पाकटे येत. कुठल्या प्राण्याला राखणीची जास्त गरज आहे, हे शाळेच्या मुलांनी अभ्यास करून शनिवारच्या गावसभेत सांगायचे, असे ठरले होते. मुलांनी कस्तुरीला पुढे केले होते.

कस्तुरीचे उत्तर तयारच होते. उंदीर! गेली दोन वर्षे ती आजोबरोबर सड्यावर जात असे. आजो म्हणजे तिचे आजोबा, आईचे वडील, सत्यवान तांडेल. जन्मभर होडी चालवलेला हा माणूस उतारवयात, होडीवरून परतला की, उंदराची बिळे बघत बसे, कारण हे उंदीर मोठे गमतीचे होते. ते आपल्या बिळाच्या तोंडाशी वाटाण्याएवढे खडे गोळा करून ठेवत. सकाळी जाऊन बघावे, तर कालच्यापेक्षा चार खडे जास्त. “घरासमोर पेळ बांधता, बघ,” आजो म्हणायचा. पेळ म्हणजे बसायचा कट्टा.

मागच्या माघात आजो गेला. सड्याला राखण मिळाली नाही, तर तिथे चिरेखाण सुरू होणार, असे सगळे म्हणत होते. मग बिळे जातील, खडे जातील. कस्तुरीला ते नको होते.

“चल,” टिपण म्हणाला. “वाळूत जाऊ. कारण टेबलावर मावणार नाही.”

ओहोटी लागली होती. ओली वाळू दूरवर सपाट पसरली होती. टिपणने चिमट्याने पाण्याजवळ एक रेघ मारली.

“ही रेघ म्हणजे आज. इथून तू मागे मागे चालायचं. एक पाऊल म्हणजे एक कोटी वर्षं. मागे जाताना तुला तुझे पूर्वज भेटतील. आईची आई, तिची आई, तिचीही आई. दोन प्राण्यांचा पूर्वज जिथे एकच होतो, तिथे थांबायचं. जितकी कमी पावलं, तितकं नातं जवळचं. प्राण्यांचं वर्गीकरण (नात्यांप्रमाणे केलेली गटवारी) असंच करतात.”

कस्तुरी उलटी चालू लागली. नऊ पावले झाल्यावर टिपण म्हणाला, “थांब. इथे तुझी आणि उंदराची गाठ पडली.”

“नऊच?” कस्तुरी हसली. “म्हणजे मी उंदराची नातेवाईक?”

“तशी लांबची. पण दोघेही सस्तन (अंगावर केस असणारे, पिल्लांना दूध पाजणारे प्राणी). त्यातला उंदीर कृंतक (सतत वाढणाऱ्या पुढच्या दातांनी कुरतडणारा). खार, घूस, साळिंदर हे सगळे त्याच गणातले. चालत राहा.”

ती चालत राहिली. वीस, तीस, चाळीस. वाटेत एक शिंपला टोचला. बेचाळिसाव्या पावलावर टिपणने पुन्हा थांबवले.

“इथे कोण भेटलं? पाकट?”

“नाही. बांगडा.”

“बांगडा!”

“बांगड्याचा सांगाडा हाडांचा असतो. तुझाही, उंदराचाही. आणखी चाल.”

आणखी तीन पावले. पंचेचाळीस.

“इथे पाकट,” टिपण म्हणाला. “ही सगळी पावलं अंदाजाची आहेत, दोनचार इकडेतिकडे होतील. क्रम मात्र हाच. पाकटाच्या अंगात हाड नसतंच. त्याचा सांगाडा कूर्चेचा (कानाच्या वरच्या भागात असतो तसल्या लवचीक पदार्थाचा) असतो. मुशी, म्हणजे शार्क, ही त्याची भावंडं. आता रेघेकडे बघ आणि मला सांग, बांगडा कुणाला जवळचा? पाकटाला की उंदराला?”

कस्तुरीने पावलांकडे पाहिले, बोटांवर काहीतरी मोजले आणि मग तिचे डोळे मोठे झाले. “बांगडा आणि उंदीर बेचाळिसावर भेटतात. पाकट त्यांच्या आधीच, पंचेचाळिसावर वेगळं झालंय. म्हणजे बांगडा... उंदराला जवळचा? पण बांगडा आणि पाकट दोघेही मासे आहेत!”

“मासा हे पाण्यात राहणाऱ्यांचं नाव आहे. ते पत्ता सांगतं, नातं सांगत नाही.”

“आणि काटे?”

“उंदराचा काटा म्हणजे ताठ झालेला चपटा केस. तो केराटिनचा (आपली नखं ज्या पदार्थाची असतात, त्याचा) असतो. पाकटाचा काटा म्हणजे बदललेला खवला आणि तो दाताच्या जातीचा. एकाला नख आलं, दुसऱ्याला दात आला. काम एकच, ‘माझ्या वाटेला जाऊ नका’ म्हणून सांगण्याचं. दोघांनी ते आपापलं शोधून काढलं. पिल्लांचंही तसंच. उंदराची मादी पोटातल्या पिल्लांना नाळेतून (आई आणि पिल्लू यांना जोडणाऱ्या नळीतून) पोसते. पाकटाच्या पिल्लांना नाळच नसते. आईच्या पोटात दुधासारखा रस पाझरतो, तोच ती पितात.”

कस्तुरीने परत येऊन चित्रे दोन वेगळ्या खणांत ठेवली. हरल्यासारखे तिला वाटले नाही. बांगडा उंदराचा जवळचा, हे उद्या वर्गात कुणाकुणाला सांगायचे, याची ती यादी करत होती.

“आता धोका,” ती म्हणाली. “ते तर सोपं आहे. पाकटांचा बंदरावर रोज ढीग असतो. उंदराची मी नऊच बिळं पाहिलीत. म्हणजे उंदीर कमी, धोका त्याला.”

टिपणने पडद्यावर लाल यादी उघडली. जगातली कोणती जात किती धोक्यात आहे, ते या यादीत असते. सड्यावरच्या उंदरासमोर लिहिले होते : ‘चिंता कमी’.

“कमी?” कस्तुरीचा चेहरा उतरला.

“हा उंदीर फक्त तुझ्याच सड्यावर राहत नाही. देशात खूप ठिकाणी आहे. दिवसा बिळात असतो म्हणून दिसत नाही, इतकंच.”

“आणि पाकट?”

यादीत पाकटांच्या जाती पुष्कळ होत्या, पण सोनवेळचे पाकट त्यांतले कोणते हे ठरलेले नव्हते, म्हणून केंद्राच्या नोंदीत त्याच्यासमोर लिहिले होते : ‘माहिती अपुरी’.

“हे बरं,” कस्तुरी म्हणाली. “काही धोका असता, तर माहिती असतीच की.”

टिपणचे सहाही पाय जागच्या जागी थांबले. तो असा थांबला, की समजावे आता मोठे उत्तर येणार.

“ही चूक पुष्कळ मोठी माणसंही करतात. ‘माहिती अपुरी’ म्हणजे धोका नाही, असं नव्हे. त्याचा अर्थ ‘आम्ही अजून बघितलेलं नाही’. दिवा लावला नाही म्हणून खोली रिकामी ठरते का?”

“पण ढीग?”

“ढीग टोपलीत किती आली ते सांगतो. समुद्रात किती उरली ते सांगत नाही. खडे आण.”

कस्तुरीने खिशातून खडे काढले. सड्यावरचे चार-पाच खडे तिच्या खिशात नेहमीच असत. शिवाय दारातले मूठभर उचलले. टिपणने एक उंदीरमादी आणि एक पाकटमादी मांडली. उंदीरमादी दोनतीन महिन्यांत मोठी होते आणि वर्षातून अनेकदा विते. वर्ष संपेपर्यंत तिच्या बाजूला खडे पुरेनात. पाकटाच्या बाजूला वर्षभर एकच खडा होता. दुसरे वर्ष, तिसरे वर्ष, तरी एकच.

“हिला पिल्लं कधी होणार?”

“आधी ती मोठी तर होऊ दे. काही वर्षं लागतात. मग एका वेळी एक, दोन, फार तर तीन-चार. शंभर उंदीर गेले, तर पुढच्या वर्षी भरून निघतील. शंभर पाकटं गेली, तर तू कॉलेजात जाईपर्यंत भरून निघणार नाहीत. म्हणून मोजणी हवी. आणि ती माझ्याकडे नाही.”

“आठ वर्षं रोज मोजतोयस की!”

“सोनवेळला पाकटांच्या निदान तीन जाती येतात. तिन्हींचं अंग सपाट, तपकिरी. ओळख शेपटीवरून पटते. एकीच्या शेपटीवर काळेपांढरे पट्टे असतात, एकीची साधी, एकीच्या शेपटीखाली कातडीची झालर. आणि मी आजवर बंदरावर एकाही पाकटाला शेपटीसह पाहिलेलं नाही. कुपीतल्या तुकड्यावरूनही जात कळत नाही, कारण ताडून बघायला ओळख पटलेला एकही नमुना नाही.”

हे कस्तुरीला माहीत होते, सगळ्या सोनवेळला माहीत होते. पाकट जाळ्यातून निघाले, की होडीवरच कोयत्याच्या एका घावात त्याची शेपटी उडवायची आणि समुद्रात टाकायची. काटा विषारी. हातात घुसला, तर माणूस दोन दिवस कळवळतो. त्यामुळे बंदरावरचे पाकट म्हणजे बिनशेपटीचेच.

“आईने सांगितलं नाही कोणाला, शेपट्या आणा म्हणून?”

“सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी, सगळ्यांसमोर. तुझ्या आजोने उत्तर दिलं. माझ्याकडे नोंद आहे.” आणि टिपणने, त्याला काय कळणार, ते जसेच्या तसे आजोच्या आवाजात ऐकवले : “काटो होडयेत ठेवून जाळ्यात हात घालूचो कोणी? तुझो खेकडो? शेपटी माझ्या होडयेतून येवची नाय, केतू!”

दारात आई उभी होती. ती कधी आली, दोघांनाही कळले नव्हते.

आवाज थांबला. आईने हातातली पिशवी टेबलावर ठेवली, तिच्या बंदाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

“जेवायला चला,” ती म्हणाली.

जेवताना कस्तुरी भातात नुसतीच बोटे फिरवत होती. कढीभात तसाच होता. शेवटी ती म्हणाली, “आई, आजोने मला एक सांगितलं होतं. जाळ्यांच्या खोलीतल्या पत्र्याच्या डब्याला हात लावायचा नाही. त्यात काटे आहेत, टोचतील.”

“कसले काटे?”

“ते नाही सांगितलं. मी हात लावला नाही.”

जाळ्यांच्या खोलीत आई माघापासून गेली नव्हती. खुंटीवर आजोची टोपी तशीच होती. जाळ्यांखाली एक मोठा, चौकोनी डबा होता. आईने तो उन्हात ओढून आणला आणि झाकण उघडले.

डबा मिठाने भरलेला होता आणि मिठात शेपट्या होत्या, शेकड्याने. वाळलेल्या, दोरीसारख्या, प्रत्येक काट्याला काथ्याचा गुंडाळा. प्रत्येक शेपटीला सुतळीने पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलेला आणि त्यावर आजोच्या गाठाळ अक्षरात तारीख, जागा, खोली किती वाव. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी दोरी. पाणी मोजायचे आजोचे माप तेच.

आईने सगळ्यांत खालची शेपटी काढली आणि पुठ्ठ्यावरची तारीख वाचली. मग तीच पुन्हा वाचली.

“काय झालं?” कस्तुरीने विचारले.

“भांडणाच्या दुसऱ्या दिवशीची आहे,” आई म्हणाली.

पुठ्ठ्याच्या मागे एकच शब्द होता : ‘केतूक’. केतूला.

आईने त्या शब्दावरून बोट फिरवले. कस्तुरी तिला टेकून बसली. मग आईने पदराने डोळे नव्हे, चष्मा पुसला आणि म्हणाली, “टिपणला बोलव. कुप्या घेऊन ये म्हणावं.”

पुढचे तीन दिवस नोंदकेंद्रात फार गंमत चालली होती. टिपणकडे आठ वर्षांची बिनशेपटीची पाकटे होती : प्रत्येकाची रुंदी, तारीख आणि कुपीतला तुकडा. आजोच्या डब्यात बिनपाकटाच्या शेपट्या होत्या. प्रत्येक सजीवाच्या पेशीपेशीत त्याचा जनुकीय ठसा (फक्त त्याचीच ओळख सांगणारी रचना) असतो. शेपटीत तोच, अंगातही तोच. कस्तुरी शेपटीचा कण देई, टिपण कुपीशी ताडून पाही.

“जुळलं,” तो म्हणे. काही वेळाने पुन्हा, “जुळलं.” दोनशे अकरा शेपट्यांपैकी एकशे त्र्याऐंशी पाकटे पुन्हा पूर्ण झाली. उरलेली टिपण पोचण्याआधीच विकली गेली असणार.

मग आईने तक्ता मांडला. पट्टेरी शेपटीची पाकटे पहिल्या वर्षी एकोणीस, पुढे चौदा, अकरा, सात. शेवटच्या वर्षी दोन. होडी तीच, जाळे तेच, जागा त्याच. आणि पट्टेरी पाकटे जवळजवळ सगळी वीतभर रुंदीची, चैत्र-वैशाखातली, खाडीच्या मुखाशी मिळालेली.

“पिल्लं,” कस्तुरी हळूच म्हणाली. “ते त्यांचं पाळणाघर आहे.”

टिपणने लाल यादीत पट्टेरी जात शोधली. तिच्यासमोर लिहिले होते : ‘संकटग्रस्त’. “एका होडीवरून सगळ्या समुद्राचं सांगता येत नाही,” तो लगेच म्हणाला. “पण आपल्या खाडीपुरता दिवा लागला.”

कस्तुरीने खिशातले खडे बाहेर काढले, बघितले आणि परत ठेवले. शनिवारी काय बोलायचे, हे तिला कळले होते. ते बोलायचे तिच्या जिवावर आले होते.

सभा देवळासमोरच्या मांडवात भरली. आजोच्या होडीवरचे जुने भागीदार, आप्पा धुरी, पुढेच बसले होते.

“काय गो बाय,” ते ओरडले, “उंदरांक सोडून पाकटांच्या पाठी लागलंस, असा ऐकलंय. आणि आमी तीन महिने जाळी टाकायची नाय, तर काय करूचा? तुझ्या उंदरासारखे खडे वेचूचे?”

मांडव हसला. कस्तुरीलाही हसू आले, आणि त्यामुळे तिची भीती थोडी गेली.

“तीन नाही, दर वर्षी चैत्र-वैशाखाचे दोनच महिने. आणि फक्त खाडीच्या मुखाशी, आप्पा. बाहेर समुद्र आहे.” मग तिने सगळे सांगितले. वाळूतली पावले, खडे, ढीग. आणि शेवटी म्हणाली, “मला उंदीर जास्त आवडतो. मला सड्याला राखण हवी होती. पण उंदीर दुसरीकडेही आहेत आणि लवकर वाढतात. पट्टेरी पाकटं मागच्या वर्षी दोनच मिळाली. आवडतं कोण ते मनाला विचारायचं, पण गरज कुणाला ते मोजून बघावं लागतं. हे मोजलंय आजोने.”

तिने डबा पुढे ओढला आणि झाकण उघडले.

आप्पा उठून जवळ आले. एक शेपटी हातात घेऊन त्यांनी पुठ्ठा डोळ्यांशी नेला. “म्हणून तो शेपट्यो बाजूक काढी होय!” ते पुटपुटले. “माका वाटला, म्हातारो चाबूक करता.” मग मागे वळून त्यांनी हात वर केला. “खाडयेक राखण. लिवा.”

हात वर होत गेले. मागच्या रांगेतले सगळे झाले नाहीत, पण पुरेसे झाले.

सड्यावर काय होणार, हे त्या दिवशी ठरले नाही. पण रविवारी कस्तुरीच्या वर्गातली सतरा मुले वही घेऊन सड्यावर गेली. शेजारच्या गावचा सडाही त्यांनी धुंडाळला. नऊ नव्हे, त्रेसष्ट बिळे निघाली. ‘चिंता कमी’ म्हणजे बघायची गरज नाही असे नव्हे, हे त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

आणि सोमवारी सकाळी बंदरावर आप्पांनी टिपणसमोर टोपली ठेवली. त्यात एक साधे तपकिरी पाकट होते आणि शेजारी, काट्याला काथ्या गुंडाळलेली, त्याची शेपटी. सुतळीला पुठ्ठा बांधलेला. तारीख, जागा, आठ वाव.

“ह्या आमच्या कुर्लेक,” आप्पा म्हणाले. “मोज म्हणा.”

टिपणने मोजले. मग आईकडे वळून विचारले, “डब्यातल्या एकशे त्र्याऐंशी नोंदींत एक रकाना रिकामा आहे. टिपणाऱ्याचं नाव. काय लिहू?”

“सत्यवान तांडेल,” आई म्हणाली. “प्रत्येक नोंदीत. पूर्ण नाव.”

“आणि पुढच्या नोंदींत?”

आईने टोपलीकडे पाहिले. मग लांब, खाडीच्या मुखाकडे, जिथे पाणी त्या सकाळी अगदी संथ होते.

“पुढच्या नोंदींत जो शेपटी आणेल त्याचं,” ती म्हणाली. “रकाना जरा मोठा कर. नावं बरीच येणार आहेत.”